घरातल्या पिसवांसाठी पेस्ट कंट्रोलवाला नेमताना : इंदूरच्या कुटुंबांसाठी मार्गदर्शन

पावसाने जोर धरला की इंदूरच्या अनेक घरांत घोट्यांवर आणि पोटऱ्यांवर बारीक लाल गांधी उठू लागतात, त्यांची खाज रात्री झोपू देत नाही, आणि जमिनीवर अंथरलेल्या सतरंजीवर एखादा तपकिरी ठिपका दिसता दिसता उडी मारून नाहीसा होतो. पिसवा झाल्या आहेत हे एकदा कळले की बहुतेक कुटुंबे हाताशी लागेल त्या पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावतात, तो तासाभरात फवारणी करून पैसे घेऊन जातो, आणि आठवड्याभराने पिसवा पुन्हा चावू लागल्या की आपण फसवले गेलो असे सगळ्यांना वाटते. पुष्कळदा त्यात फसवणूक नसते. पिसूचे जीवनचक्र कसे चालते याचा विचार ना फवारणाऱ्याने केलेला असतो, ना फवारून घेणाऱ्याने. तो विचार करणारा माणूस कसा शोधावा, त्याच्याशी काय ठरवावे आणि त्याच्या कामाला घरातून कशी साथ द्यावी, हे पुढे सांगितले आहे.

आधी खात्री करून घ्यावी

पिसू लांबीला दीड ते तीन मिलिमीटर, तांबूस तपकिरी आणि बिनपंखी असते. तिचे अंग दोन्ही बाजूंनी चपटे असल्यामुळे ती जनावराच्या केसांतून सहज सरकते आणि चिमटीत धरली तरी निसटते. ढेकूण वरून चपटा असतो, उडी मारत नाही आणि गादीच्या शिवणींत, पलंगाच्या सांध्यांत काळे डाग सोडतो. गोचीड सावकाश चालते आणि जनावराच्या कातडीला घट्ट चिकटून राहते. या तिघांवरचे उपाय वेगवेगळे आहेत, म्हणून 'घरात किडे झालेत' एवढेच सांगून कोणालाही बोलावू नये.

खात्री करण्याचा सर्वांत सोपा उपाय असा की गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून संशय असलेल्या खोल्यांतून, विशेषतः दिवाणाखालून आणि जिन्याखालच्या जागेतून, पाच-दहा मिनिटे फिरावे. पिसवा असतील तर मोज्यांवर चढलेल्या दिसतात. रात्री उथळ ताटात साबणाचे पाणी घेऊन त्याच्या वर मंद दिवा लावून ठेवला तर सकाळी त्यात बुडालेल्या पिसवा सापडू शकतात. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर ओल्या पांढऱ्या कागदावर त्याचे अंग विंचरावे. पडलेले काळे कण ओलाव्याने तांबूस झाले, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त होय. सापडलेल्या एक-दोन पिसवा चिकटपट्टीवर दाबून ठेवाव्यात आणि येणाऱ्या माणसाला दाखवाव्यात. यांपैकी काहीच सापडले नाही आणि खाज मात्र चालू राहिली, तर आधी त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, कारण खरजेसाठी घरभर कीटकनाशक मारून काहीही साधत नाही.

यानंतरचा प्रश्न पिसवा कोठून आल्या हा आहे, आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय फवारणी करू नये. नावाने 'मांजराची पिसू' असलेली जातच कुत्र्यांवरही सर्वाधिक आढळते. पाळीव जनावर नसलेल्या घरांत पिसवा निघाल्या की लोक गोंधळतात. परंतु रामबागेतल्या किंवा जुनी इंदूर भागातल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर भटकी मांजर वीत असते, पिल्ले मोठी झाली की ती सगळी निघून जातात, आणि मागे राहिलेल्या उपाशी पिसवा खालच्या खोल्यांतल्या माणसांकडे वळतात. दीर्घकाळ बंद असलेले घर उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी पिसवांचा हल्ला होतो, त्याचेही कारण हेच असते.

उंदीर हा तिसरा स्रोत आहे आणि त्याबाबतीत क्रम फार महत्त्वाचा आहे. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडलेले शरीर सोडून नवे रक्त शोधू लागतात. प्लेगचा प्रसार पिसवांमार्फत होतो हे पॉल-लुई सिमों यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले ते याच निरीक्षणावरून. १९९४ साली बीड आणि सुरतेतून प्लेगच्या बातम्या आल्या होत्या, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आजच्या इंदुरात घरात उंदीर दिसला म्हणून प्लेगची भीती बाळगण्याचे कारण नाही, परंतु आधी किंवा निदान त्याच वेळी पिसवांचा बंदोबस्त करावा आणि मग उंदीर मारावेत, हा नियम मात्र पाळावा. जो कंत्राटदार पिसवा असलेल्या घरात पहिल्याच दिवशी उंदरांचे विष ठेवून निघून जातो, त्याला हा क्रम माहीत नसतो.

एका फवारणीत काम का संपत नाही

मादी पिसू रक्त प्यायला लागली की दिवसाला सुमारे ४० अंडी घालू शकते. ही अंडी जनावराच्या अंगाला चिकटत नाहीत. ते जिथे झोपते, बसते किंवा अंग झटकते तिथे ती गळून पडतात. २ ते १० दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात, त्या उजेड टाळून फरशीच्या फटींत, गालिच्याच्या तळाशी, दिवाणाखालच्या धुळीत शिरतात आणि प्रौढ पिसवांची विष्ठा खाऊन वाढतात. पुढे अळी स्वतःभोवती चिकट कोष विणते, त्याला आजूबाजूची धूळ चिकटते आणि तो डोळ्यांना दिसेनासा होतो. या कोषाच्या आत कोणतेही नेहमीचे कीटकनाशक परिणामकारकपणे पोहोचत नाही. आतली पिसू दोन आठवड्यांत बाहेर येऊ शकते किंवा कित्येक महिने तशीच थांबू शकते, आणि पावलांची कंपने, अंगाची ऊब व श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर पडते.

म्हणून कितीही उत्तम फवारणी झाली तरी पुढचे दोन-तीन आठवडे नव्या पिसवा निघतच राहणार, हे आधीच गृहीत धरावे. त्या बाहेर आल्यावर फरशीच्या कडांवर औषध शिल्लक असेल तर त्या अंडी घालण्याआधीच मरतात. ते पुसून गेले असेल तर चक्र पुन्हा सुरू होते. संपूर्ण कामाचे यश या एका गोष्टीवर अवलंबून आहे.

माळव्याच्या हवामानाचाही येथे संबंध येतो. अळ्यांना दमट हवा लागते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या बरीच खाली गेली की त्या सुकून मरतात, त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत उघड्या अंगणात त्या टिकत नाहीत. परंतु त्याच दिवसांत आपण खोल्यांत पाण्याचे कूलर लावतो आणि दारे-खिडक्या पुरेशा उघड्या नसल्या तर आतली हवा चांगलीच दमट होते. 'उन्हाळ्यात पिसवा होतच नाहीत' असे सांगणाऱ्यावर त्यामुळे पूर्ण विश्वास ठेवू नये.

माणूस कसा निवडावा

दूरध्वनीवरच्या पहिल्या पाच मिनिटांत बरेच काही कळते. आपण त्याला काय विचारतो यापेक्षा तो आपल्याला काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. काम जाणणारा माणूस घरात जनावर आहे का, ते कुठे झोपते, फरशी कोट्याची आहे की लाकडाची, गालिचे आहेत का, रांगते मूल, गर्भवती स्त्री किंवा दम्याचा रुग्ण आहे का, माशांची टाकी किंवा पोपटाचा पिंजरा आहे का, आणि शेजारच्या घरांतही हाच त्रास आहे का, हे विचारतो. ज्याचा एकच प्रश्न 'कितने बीएचके का मकान है?' हा असतो आणि जो लगेच 'एक बार में सब साफ, साल भर की गारंटी' असे सांगतो, त्याला नम्रपणे नकार द्यावा. पिसवांच्या बाबतीत एका फेरीत पूर्ण सफाईची हमी देता येत नाही, हे वर पाहिलेच आहे.

निदान तिघांकडून दर घ्यावेत, परंतु घर पाहिल्यानंतरचेच घ्यावेत. पाहणीसाठी येणारा माणूस वाकून दिवाणाखाली बॅटरीचा उजेड टाकतो का, माळ्यावर चढतो का, जनावराचे अंथरूण उलटून पाहतो का, हे आपण शेजारी उभे राहून पाहावे. दाराशी उभा राहून आकडा सांगणाऱ्याचा दर कमी असला तरी तो अखेरीस महागच पडतो.

त्यानंतर परवाना. कीटकनाशक अधिनियम, १९६८ आणि त्याखालील १९७१च्या नियमांनुसार व्यावसायिक तत्त्वावर कीटकनाशकांची फवारणी करणाऱ्याला राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून परवाना घ्यावा लागतो, आणि त्यासाठी त्याच्याकडे प्रशिक्षित तांत्रिक व्यक्ती असावी लागते. परवान्याची प्रत मागण्यात संकोच करू नये. त्यावरचे नाव बिलावरच्या नावाशी जुळते का आणि मुदत संपलेली नाही ना, एवढे दोन तपशील पाहिले तरी पुरेसे आहे. दुकान चालवण्याची नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक म्हणजे हा परवाना नव्हे. अनेक जण तेच कागद पुढे करतात.

औषधांविषयी काय विचारावे

येणारा माणूस कोणते औषध वापरणार आहे त्याचे नाव लिहून घ्यावे आणि डब्यावरचे लेबल स्वतः वाचावे. भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर एक रंगीत चौकट असते : लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळी, मग निळी आणि सर्वांत सौम्य हिरवी. राहत्या घरात लाल किंवा पिवळ्या चौकटीचे औषध मारू देऊ नये. लेबल फाटलेले, डबा आधीच उघडलेला किंवा औषध साध्या पाण्याच्या बाटलीत आणलेले असेल, तर काम तिथेच थांबवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

पिसवांसाठी साधारणतः दोन प्रकारची औषधे एकत्र वापरली जातात. एक प्रौढ पिसवांना मारते, आणि त्यात बहुधा पायरेथ्रॉइड गटातले एखादे द्रव्य असते. दुसरे, पायरीप्रॉक्सिफेन किंवा मेथोप्रीनसारखे, कीटकाची वाढ रोखणारे असते. त्याने प्रौढ पिसू मरत नाही, पण अंडी आणि अळ्या पुढच्या अवस्थेत जाऊ शकत नाहीत. 'आपण ग्रोथ रेग्युलेटर वापरता का?' हा प्रश्न अवश्य विचारावा. ज्याला हा शब्दच ठाऊक नाही, तो झुरळांसाठीचे नेहमीचे औषध पिसवांवर मारणार असे समजावे.

दोन गोष्टी ठामपणे नाकाराव्यात. डायक्लोरव्हॉस या उग्र वासाच्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून भारतात बंदी आहे. 'तेज वाला' म्हणून कोणी ते जुन्या साठ्यातून काढले तरी घेऊ नये. वास जितका उग्र तितके औषध गुणकारी, ही समजूत चुकीची आहे. दुसरी गोष्ट प्राणघातक आहे. धान्यात ठेवण्याच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या, ज्यांना आपल्याकडे सर्रास सल्फास म्हणतात, त्या बंद खोलीत ठेवून 'किडे मारण्याचा' सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला घरात पाऊलही टाकू देऊ नये. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांपर्यंत पोहोचतो आणि अशा घटनांत मुलांचे जीव गेले आहेत. रॉकेल शिंपडण्याचा जुना उपायही आगीच्या भीतीमुळे वर्ज्य मानावा. धुराचे यंत्र लावून काही मिनिटांत काम संपवण्याचा प्रस्ताव आला, तर तोही नाकारणे योग्य, कारण धूर हवेत राहतो आणि दिवाणाखालच्या ज्या फटींत अळ्या असतात तिथे तो पुरेसा पोहोचत नाही.

फवारणाऱ्या कामगाराकडेही आपुलकीने पाहावे. त्याच्या हातांत मोजे, तोंडावर योग्य मास्क आणि औषध मोजण्याचे स्वतःचे माप असायला हवे. मालकाने त्याला उघड्या हातांनी पाठवले असेल तर ती संस्था आपल्या घराचीही काळजी घेणार नाही. त्याला मिश्रणासाठी घरातली बादली किंवा पाण्याचा मग देऊ नये, आणि उरलेले द्रावण नालीत ओतू देऊ नये. पायरेथ्रॉइड औषधे पाण्यातल्या माशांना अत्यंत घातक असतात.

लेखी काय ठरवावे

करार लांबलचक नसला तरी चालतो, पण त्यात औषधांची नावे, कोणत्या खोल्या आणि मोकळ्या जागा धरल्या आहेत ते, पहिल्या फेरीनंतर १४ ते २१ दिवसांनी होणाऱ्या दुसऱ्या फेरीची तारीख, आणि त्यानंतरही पिसवा आढळल्यास तिसरी फेरी मोफत की सशुल्क, हे स्पष्ट असावे. पूर्ण रक्कम आधी देऊ नये. ठरावीक भाग दुसऱ्या फेरीनंतर देण्याचे ठरवावे. वर्षभराचे करार आकर्षक दिसतात, परंतु त्यांत बहुधा झुरळे-मुंग्यांची नेहमीची फवारणी असते. माझ्या मते तेच पैसे पिसवांच्या नीट केलेल्या दोन फेऱ्यांवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे आहे.

एका आवारात तीन-चार बिऱ्हाडे राहत असतील तर सर्वांनी मिळून एकाच दिवशी काम करून घ्यावे. माळा, सामाईक जिना, अंगणातली भंगाराची जागा आणि पाण्याच्या टाकीजवळचा ओलसर कोपरा या जागा कोणाच्याच नसल्यामुळे प्रत्येकाच्या करारातून सुटतात, आणि पिसवा नेमक्या तिथेच वाढतात. माळ्यावर मांजरीची पिल्ले असतील तर ती चालू-फिरू लागून बाहेर पडेपर्यंत थांबावे, मग येण्याची वाट जाळीने बंद करावी आणि त्यानंतर फवारणी करावी. पिल्ले आत असताना औषध मारणे क्रूर आहे आणि त्याने काम साधतही नाही, कारण मांजर परत येत राहते.

जनावरावरचा उपचार त्याच दिवशी

घर फवारले आणि कुत्र्याला तसेच ठेवले तर सगळे काम वाया जाते. जनावरावरचा उपचार मात्र पेस्ट कंट्रोलवाल्याकडून कधीही करून घेऊ नये. ते पशुवैद्याचे काम आहे. इंदूरजवळ महू येथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि शहरातही पशुवैद्य आहेत. त्यांना फवारणीची तारीख कळवून औषध त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी द्यावे. कुत्र्यासाठीचे परमेथ्रिनयुक्त थेंब मांजराला लावू नयेत. मांजराचे यकृत ते द्रव्य पचवू शकत नाही, आणि त्याला झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. जनावराने चाटताना पिसू गिळली तर तिच्यातून एक प्रकारचा पट्टकृमी पोटात जातो, म्हणून जंताच्या औषधाविषयीही त्याच भेटीत विचारावे.

फवारणीच्या आधी आणि नंतर

आदल्या दिवशी जमिनीवरचे सगळे सामान, खेळणी, चपला, दिवाणाखालच्या पेट्या उचलून घ्याव्यात, कारण जिथे वस्तू ठेवलेली असते तिथे औषध पोहोचत नाही. चादरी, उशांचे अभ्रे, जनावराचे अंथरूण कढत पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. नंतर संपूर्ण घरात व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. त्याने अंडी आणि बऱ्याच अळ्या निघतात, आणि कंपनांमुळे कोषांतल्या पिसवा बाहेर येऊन औषधाच्या संपर्कात येतात. यंत्र नसेल तर ते एक-दोन दिवसांसाठी कोणाकडून मागून आणावे, पण हा टप्पा वगळू नये. त्यातली धूळ लगेच पिशवीत घट्ट बांधून घराबाहेर टाकावी.

पिण्याच्या पाण्याची भांडी, धान्याचे डबे, देवघरातली उपकरणी आणि नैवेद्याची भांडी झाकून किंवा हलवून ठेवावीत. माशांची टाकी ओल्या कापडाने झाकून तिचा हवेचा पंप बंद करावा, पक्ष्यांचा पिंजरा दुसऱ्या घरी न्यावा. घरातली सगळी माणसे आणि जनावरे औषध पूर्ण वाळेपर्यंत व त्यानंतर खिडक्या उघडून खोल्या हवेशीर होईपर्यंत बाहेर असावीत. लेबलावर याहून अधिक वेळ सांगितला असेल तर तो पाळावा. तान्हे मूल किंवा दमेकरी असेल तर त्यांनी ती रात्र नातेवाइकांकडे काढलेली बरी. फवारणीनंतर कोणाला चक्कर, उलटी, श्वासाचा त्रास झाला तर औषधाचा डबा किंवा त्याच्या लेबलाचे छायाचित्र बरोबर घेऊन रुग्णालयात जावे, आणि गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

यानंतरचा भाग आपल्या घरांत सर्वांत अवघड जातो, तो म्हणजे फरशी न पुसण्याचा. रोज सकाळी ओला पोछा मारल्याशिवाय घर शुद्ध वाटत नाही अशी आपली सवय आहे, आणि कामवाल्या बाईंना सांगायला विसरले तर दुसऱ्याच दिवशी भिंतींच्या कडांवरचे औषध पाण्याबरोबर निघून जाते. दुसरी फेरी होईपर्यंत ओले पुसणे फक्त स्वयंपाकघराच्या ओट्यापुढे, जेवणाच्या जागी आणि खोल्यांच्या मध्यभागी ठेवावे. भिंतींपासून सुमारे एक हात जागा, दिवाणाखालचा भाग आणि फटी ओल्या होऊ देऊ नयेत. व्हॅक्यूम मात्र एक दिवसाआड फिरवत राहावा. रांगते मूल असेल तर फवारणी फटी आणि कडांपुरतीच मर्यादित ठेवायला आधीच सांगावे आणि मुलाला धुतलेल्या चटईवर, खोलीच्या मध्यभागी खेळवावे.

पहिल्या दहा-बारा दिवसांत पिसवा दिसल्या, तर घाबरून दुसऱ्या कोणाकडून आणखी औषध मारून घेऊ नये. दर चार-पाच दिवसांनी पांढऱ्या मोज्यांची चाचणी करून कोणत्या खोलीत किती पिसवा चढल्या हे वहीत लिहावे. आकडा कमी होत असेल तर काम बरोबर चालले आहे. दुसऱ्या फेरीनंतर तीन आठवड्यांनीही तो तसाच राहिला, तर एखादे जनावर, माळा किंवा शेजारचे बिऱ्हाड सुटले आहे असे समजून त्या माणसाला पुन्हा पाहणीसाठी बोलवावे आणि हीच नोंद त्याच्यापुढे ठेवावी. ठरलेली फेरी करण्यास तो टाळाटाळ करत असेल तर करार, बिल आणि नोंदींच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते, आणि तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. या दोन्ही ठिकाणी लेखी करार आणि बिल लागते, म्हणून बिल न देणाऱ्याला काम देऊच नये.